फळ्यामागचे डबे आणि भिंतीवरची स्क्रीन

वर्ग डिजिटल झाला म्हणजे शैक्षणिक क्रांती झाली, असा प्रचार सध्या जोरात आहे. टीव्ही बसवला, फीत कापली, फोटो ग्रुपवर टाकला, झाली क्रांती! आम्ही लिंबागणेशचे, बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातले. आमचा यंत्राला विरोध नाही. आमचा प्रश्न एवढाच की, ती स्क्रीन चालू असते तेव्हा आमची पोरं कुठे असतात?

हा प्रश्न आजचा नाही. खडू-फळा हेही वर्गातलं तंत्रज्ञानच होतं. बाबासाहेब मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत असताना शिक्षकांनी त्यांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावलं. बाकीच्या मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते. भीमराव फळ्यापर्यंत पोहोचायच्या आत मुलं धावली आणि डबे बाजूला काढले. सरकारी शाळा, मुंबईसारखं शहर, बोलावणारे खुद्द शिक्षक, तरीही विटाळ! त्याआधी साताऱ्याच्या शाळेत त्यांना वेगळ्या गोणपाटावर बसावं लागे. ते गोणपाट रोज घरी न्यायचं आणि परत आणायचं, कारण शाळेचा नोकर त्याला हात लावत नसे. ७ नोव्हेंबरला आपण विद्यार्थी दिवस साजरा करतो, तेव्हा शाळाप्रवेशाच्या नोंदीबरोबर हे गोणपाटही आठवायला हवं.

पुढे साधनं बदलत गेली. १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली, टीव्हीवरून धडे आले. २०१७ मध्ये तिला टाळं लागलं. १९८७ च्या ऑपरेशन ब्लॅकबोर्डचं मात्र नाव फळ्याचं असलं तरी त्यात प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या आणि किमान दोन शिक्षक द्यायचं ठरलं होतं. म्हणजे फळा द्यायचा तर त्यावर लिहिणारा माणूसही द्यावा लागतो, एवढं तेव्हाच्या सरकारला कळत होतं. आज काय आहे? १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयानुसार सहावी ते आठवीचा पट २० च्या खाली गेला तर शिक्षकाचं पदच मिळत नाही. एकीकडे स्मार्ट क्लासरूमची घोषणा, दुसरीकडे शिक्षकच गायब. वाडी-तांड्यावरच्या शाळेत पट २० च्या वर कुठून आणायचा?

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचं कौतुक जगभर झालं, व्हायलाच हवं. पण कोड छापून वाडीची शाळा बदलली नाही. तिथे एक जिल्हा परिषदेचा शिक्षक होता, म्हणून कोड कामाला आला.

आता आमच्या जिल्ह्याचं बघा. दसरा-दिवाळी झाली की कोयते घेऊन टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, फेडायला नवरा-बायको दोघं लागतात. पोरं मागे कोणाकडे ठेवायची? मग तीही कोपीवर जातात. मोठी मुलगी धाकट्याला सांभाळते, वाढे बांधते. गावातल्या शाळेची स्क्रीन भिंतीला असते, आणि भिंत काही फडात जात नाही. हंगामी वसतिगृहाची योजना आहे. पण ती टोळ्या निघायच्या आधी सुरू व्हायला हवी. फड अर्धा तुटल्यावर सुरू होऊन उपयोग काय?

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि सगळं शिक्षण मोबाईलवर आलं. घरात एकच फोन, तो बापाच्या खिशात, रेंजसाठी माळावर जायचं. त्या काळात जे मागे पडले, त्यांचा हिशोब कोणी मागितला का?

आता तिसरीपासून एआय शिकवण्याची केंद्राची घोषणा आहे. आपल्यातलेच काही तरुण म्हणतात, बरं होईल, यंत्र आडनाव विचारत नाही. आडनाव ऐकून मागच्या बाकावर बसवणारे शिक्षक आपल्यातल्या अनेकांनी पाहिले आहेत, त्यामुळे हा मुद्दा उडवून लावता येणार नाही. पण यंत्राला शिकवलेला मजकूर कोणी लिहिला? त्यात फुले-आंबेडकर किती, वस्तीची भाषा किती? आणि खरी भीती वेगळीच आहे. पैसेवाल्याच्या पोराला शिक्षकही मिळेल आणि यंत्रही, आपल्या पोराला नुसतं यंत्र. तेही वीजबिल भरलेलं असेल तर!

म्हणून भाषणं पुरे. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा असते. आपल्या वस्तीतलं त्यात कोण आहे, ते आधी शोधा. मग लेखी विचारा: जूनमध्ये पट किती होता आणि डिसेंबरमध्ये वर्गात किती पोरं होती? मंजूर शिक्षक किती, हजर किती? वीजजोडणी चालू आहे का? वसतिगृहाचा प्रस्ताव कोणत्या तारखेला गेला? उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका. टोळ्या निघायच्या आत, दसऱ्यापर्यंत हे अर्ज गेले पाहिजेत. अर्जाचा नमुना आम्ही तयार केला आहे, लिंबागणेशला येऊन घेऊन जा.

जय भीम!