राखीगढीचा सांगाडा आणि आर्यांचा वाद

हरियाणांतील राखीगढी येथें सांपडलेल्या एका स्त्रीच्या सांगाड्यानें आर्यांचा प्रश्न कायमचा निकालांत काढला, असें आमच्याकडील पुष्कळ सुशिक्षितांस वाटूं लागलें आहे. बाई बिचारी सुमारें साडेचार हजार वर्षांपूर्वीं वारली. आज तिला साक्षीदार म्हणून उभें केलें आहे, पण तिची साक्ष फारच थोड्यांनीं ऐकून घेतलेली दिसते.

साक्ष आहे तरी काय? तेथील ६१ नमुने तपासले, त्यांपैकीं उपयोगी पडेल इतका डीएनए एकाच सांगाड्यांत मिळाला. उष्ण हवेंत तो टिकत नाहीं. काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ मैदानांतील पशुपालकांचा अंश त्या स्त्रीच्या ठायीं आढळला नाहीं. सन २०१९ च्या सप्टेंबरांत ‘सेल’ या नियतकालिकांत हा निबंध आला, आणि आर्य बाहेरून आलेच नाहींत अशी एकच हाकाटी सुरू झाली.

हाकाटी करणारांनीं त्याच सुमारास ‘सायन्स’मध्यें आलेला दुसरा निबंध उघडून तरी पाहिला काय? डॉ. वसंत शिंदे, डेव्हिड राइक प्रभृतींचीं नांवें दोन्ही निबंधांवर आहेत. दुसऱ्यांत ५२३ प्राचीन माणसांचा डीएनए आहे, आणि गवताळ मैदानांतील अंश इ. स. पू. २००० ते १५०० च्या दरम्यान दक्षिण आशियांत आला असा त्याचा निष्कर्ष आहे. स्वात खोऱ्यांतील उत्तरकालीन सांगाड्यांत तो स्पष्ट दिसतो. राखीगढीच्या स्त्रींत तो नाहीं, कारण ती त्या आधींची! पेशवाईंतल्या वाड्यांत विजेचा दिवा सांपडला नाहीं, म्हणून वीज या देशांत कधीं आलीच नाहीं, असें म्हणण्यासारखाच हा न्याय झाला.

यावरून अमुक जाती परक्या ठरल्या असें म्हणणारेही तितकेच चुकतात. उत्तरेकडील पुरोहितवर्गांत तो अंश कांहींसा अधिक आहे खरा. पण सिंधुसंस्कृतीच्या लोकांचा वारसा त्यांच्यांतही आहेच. सुमारें ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वींपर्यंत येथील समाज एकमेकांत मिसळत होते, असें २०१३ सालीं दिसून आलें आहे; जातींच्या भिंती मागाहून घट्ट झाल्या. शिवाय, आलेलीं माणसें तलवार घेऊन आलीं कीं गुरें हांकीत, हें हाड सांगत नाहीं.

लोकमान्य टिळकांनीं १९०३ सालीं आर्यांचें मूलस्थान थेट उत्तर ध्रुवाकडे नेलें. तें मत आज कोणी मानीत नाहीं. परंतु पूर्वज बाहेरून आले असें लिहितांना त्यांचा स्वदेशाभिमान आड आला नाहीं, हें त्यांचें नांव घेणारांनीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे. २०२४ सालीं बारावीच्या इतिहासाच्या केंद्रीय पाठ्यपुस्तकांत राखीगढीच्या डीएनएचा मजकूर आला. तो शिकवितांना शिक्षकांनीं स्वात खोऱ्यांतील सांगाड्यांचीही हकीकत विद्यार्थ्यांस सांगावी.