सुचत नाही, की लिहवत नाही?

"हल्ली काही सुचतच नाही" असं आपण सगळेच अधूनमधून म्हणतो. माझं मत विचाराल तर निम्म्या वेळा ते खरं नसतं. सुचलेलं असतं, पण कागदावर यायच्या आधीच आपण त्याला दारात अडवलेलं असतं.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांच्याबद्दल लिहायला बसले की दोन ओळींवर गाडी अडते. सांगण्यासारखं कमी आहे का? छे! आजारपणातलं त्यांचं चिडणं, आईची दमणूक, सगळं डोळ्यांपुढे आहे. पण पहिलं वाक्य लिहितानाच आत्या म्हणते, "अगं, हे चारचौघांत कशाला?" (म्हणजे माझ्या डोक्यातली आत्या हो!) मग मी एक गुळगुळीत वाक्य लिहिते आणि तिथेच थांबते. ते खरं नसतं, म्हणून त्याच्यापुढे दुसरं येत नाही.

ही धास्ती जुनीच आहे. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं ते 'विभावरी शिरूरकर' या टोपणनावाने. लेखिका होत्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर. शिकलेल्या मुलींच्या मनातलं त्यांनी इतकं उघडपणे लिहिलं की मोठं वादळ उठलं. टोपणनावाने लोकांपासून आडोसा मिळालाच, पण मला वाटतं लिहिताना हातही मोकळा राहिला असणार.

आपल्याला टोपणनाव नको. लिहिणं आणि दाखवणं ही दोन वेगळी कामं आहेत एवढं पाळलं तरी पुरे. रोज ठरावीक वेळी बसावं म्हणतात. जरूर बसावं, पण शिस्तीने हात चालतो, भीती जात नाही. म्हणून पहिला खर्डा कुणालाच दाखवायचा नाही, असं ठरवूनच लिहावा. पाठकोऱ्या कागदांवर, जमेल तसा, शुद्धलेखनाची पर्वा न करता. आठवडाभराने तो वाचावा आणि मग काय ठेवायचं, काय गाळायचं ते बघावं. तेव्हा आत्याचा विचार हवाच. तिचा तो भाऊ होता. पण तिची पाळी नंतरची.

नाहीतर काय होईल? चांगलं चांगलं तेवढं लिहायची वाट बघता बघता आठवणी पुसट होतील, आणि बाबांचा हार घातलेला फोटो तेवढा उरेल. माणूस राहूनच जाईल.

असो. तुमचंही काही अडलं असेल तर विषय शोधत बसू नका. डोक्यात कोण वाचत बसलंय, ते आधी बघा.