झाकलेली टोपी

अलँ रेने या फ्रेंच दिग्दर्शकाचा ‘नाइट अँड फॉग’ हा माहितीपट जेमतेम ३२ मिनिटांचा आहे. नाझी छळछावण्या मोकळ्या झाल्याला दहा वर्षं झाली, तेव्हा तो तयार झाला. ओसाड ऑश्विट्झच्या आवारात वाढलेलं गवत त्यात रंगीत दिसतं आणि मधूनमधून जुनी कृष्णधवल दृश्यं येतात : कापलेल्या केसांचे ढीग, बुलडोझरने खड्ड्यात लोटलेली प्रेतं. १९५६ साली तो लोकांसमोर येण्याआधी फ्रान्सच्या सेन्सॉरने त्यातल्या एका छायाचित्रावर बोट ठेवलं. पितिव्हिए इथल्या छावणीवर पहारा देणारा एक शिपाई त्यात होता आणि त्याच्या डोक्यावर फ्रेंच पोलिसांची टोपी होती. छावणी फ्रान्सच्या भूमीवरची. तिथून ज्यूंना ऑश्विट्झच्या गाड्यांत कोंबलं गेलं होतं. अखेर त्या टोपीवर तुळईसारखा काळा पट्टा रंगवून ती झाकावी लागली. प्रेतांचे ढीग पडद्यावर राहिले, टोपी तेवढी गेली.

मोठेपणी पाहिलेल्या सर्वांत अस्वस्थ करणाऱ्या चित्रपटांवर यंदाच्या अंकाचा एक विभाग बेतताना हा प्रसंग आमच्या डोळ्यांसमोर होता. लहानपणी पडद्यावरचं भूत भिववतं. ते दुसऱ्या जगातलं असतं, दिवा लावला की जातं. मोठ्या माणसाला जे छळतं ते याच जगातलं असतं, आणि बहुतेक वेळा ते अगदी साधं माणूस असतं. प्रेत पाहून आपल्याला दुःख होतं. टोपी पाहिली की प्रश्न पडतो, हा आपल्यापैकी कोण? चित्रपट किती छळतो याचं माप रक्तात नसून तो आपल्याला कुठे उभं करतो यात आहे, असं आमचं म्हणणं आहे.

इसाओ ताकाहाता यांचा १९८८ सालचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ घ्या. अकियुकी नोसाका यांच्या कथेवरचा हा जपानी ॲनिमेशनपट. नोसाकांची धाकटी बहीण युद्धकाळातल्या उपासमारीत गेली होती. ताकाहाता स्वतः नऊ वर्षांचे असताना ओकायामावरच्या बॉम्बहल्ल्यातून वाचले होते. कोबे शहर जळतं, आई जाते, आणि सेइता आपल्या चिमुकल्या बहिणीला घेऊन नात्यातल्या एका बाईकडे राहायला येतो. बाई मुलांना हाकलून देत नाही. मुलांच्या आईचे किमोनो विकून तांदूळ आणायला लावते, त्यातला वाटा ठेवून घेते, आणि मग कामावर जाणाऱ्यांच्या वाडग्यात घट्ट भात नि या दोघांच्या वाडग्यात पातळ पेज येऊ लागते. मुलांनी हा चित्रपट पाहिला तर त्यांना ती बाई दुष्ट वाटेल. संसार केलेल्या माणसाला मात्र तिचा हिशेब कळतो. रेशन थोडं, राबणारे आधी जेवणार, ही तिची वाक्यं आपल्याही तोंडून कधी ना कधी गेलेली असतात. बॉम्ब टाकणारी विमानं या चित्रपटात वरून निघून जातात. त्या पेजेचा वाडगा मात्र मनातून जात नाही.

आपल्याकडेही ही वाट नवी नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) एका वृद्ध लोकशाहिरावर आरोप आहे, की त्याचं गाणं ऐकून गटार साफ करणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली. चित्रपटात खलनायक शोधूनही सापडत नाही. सरकारी वकील बाई कायद्याची जुनी कलमं एका सुरात वाचून दाखवतात आणि काम संपवून लोकलने घरी जातात. मुलाला घेतात, स्वयंपाक करतात, सुट्टीच्या दिवशी कुटुंबासोबत मराठी नाटक बघतात. त्या नाट्यगृहात बसलेला प्रेक्षक आणि ‘कोर्ट’ बघणारा प्रेक्षक एकच आहे, हे ध्यानात आलं की खुर्चीत बसवत नाही. आणि नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’च्या (२०१६) शेवटी मारेकरी काही अंधारातून येत नाहीत. भाऊ येतो, सोबत आईने पाठवलेल्या भेटी असतात, आणि बहीण त्यांच्यासाठी चहा टाकते. भाऊबीज साजरी करणाऱ्या समाजाला याहून कठोर दृश्य कुणी दाखवलं असेल असं आम्हाला वाटत नाही. सणाच्या अंकात हा विषय कशाला, असं विचारणाऱ्यांना आमचं उत्तर याच दृश्यात आहे.

यावर कुणी म्हणेल, सगळं उघडं दाखवणारे चित्रपटही माणसाला हादरवतातच. खरं आहे. एलेम क्लिमोव्ह यांचा ‘कम अँड सी’ (१९८५) बेलारूसमधलं एक गाव माणसांसकट कोठारात कोंडून जाळताना दाखवतो, आणि अशी ६२८ गावं जळाल्याचं शेवटी लिहून येतं. सहलेखक आलेस आदामोविच पोरवयातच गनिमी सैनिकांत सामील झाले होते. तरी तिथेही खरा घाव पुढेच आहे. होरपळलेला पोरगा चिखलात पडलेल्या हिटलरच्या तसबिरीवर गोळ्या झाडत सुटतो, प्रत्येक गोळीसरशी काळ उलटा फिरतो, आणि आईच्या मांडीवरचं तान्हं बाळ समोर आल्यावर त्याची बंदूक थांबते. आग बघून आपण जळणाऱ्यांच्या बाजूने होतो. बंदूक थांबते तिथे, आपण थांबलो असतो का, हे आपल्यालाच ठरवावं लागतं. नुसत्या रक्तावर टाळ्या घेणारे चित्रपट हे ठरवण्याची वेळच येऊ देत नाहीत; ते प्रेक्षकाला नेहमी मारणाऱ्या, जिंकणाऱ्या हाताशी उभं करतात.

अशा चित्रपटांनी काही बदलत नाही, हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. ‘सैराट’नंतरही जातीच्या नावाने पोरापोरींचे जीव गेले. कायद्याचं काम चित्रपटाच्या गळ्यात घालू नये. पण टोपी झाकायला लावणाऱ्यांना तिची ताकद नीट कळली होती, एवढं तरी म्हणता येईल.

खरा अवघड आक्षेप निराळाच आहे, आणि तो या लेखातल्या ‘आपण’ या शब्दावर आहे. मंजुळे यांच्याच ‘फँड्री’त (२०१३) जब्या या पोराचं कुटुंब डुकराच्या मागे धावतं आणि गाव कठड्यावर बसून मजा बघतं. मध्येच शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, पळणारं कुटुंब जागच्या जागी उभं राहतं, डुक्कर निघून जातं. शेवटी जब्या दगड भिरकावतो तो सरळ पडद्याबाहेर. कठड्यावर बसलेल्यांना तो लागतो. पण जे जब्यासारखेच धावलेत त्यांच्या अंगावर तो दगड येत नाही. तो त्यांच्याच हातून सुटलेला असतो. त्यांना हा चित्रपट छळत असेल तर वेगळ्या कारणाने : जुनी जखम भर थिएटरात, अनोळखी माणसांच्या शेजारी बसून पुन्हा उघडी होते म्हणून. आमच्या युक्तिवादाची ही मर्यादा आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. म्हणून ‘फँड्री’वर या विभागात दोन लेख घेतले आहेत, एक कठड्यावरून पाहिलेला आणि एक मैदानातून. ते पाठोपाठ छापले आहेत. मैदानातला आधी.