मालेचा पूल पुरा करा

अंधेरी पश्चिमेला वीरा देसाई रस्त्यावर मुख्यालय असलेली अ‍ॅफकॉन्स कंपनी मालदीवमध्ये राजधानी मालेला विलिंगिली, गुल्हीफाल्हू आणि थिलाफुशी या बेटांशी जोडणारा ६.७४ किलोमीटरचा पूल व भरावाचा रस्ता बांधत आहे. करार ऑगस्ट २०२१ मध्ये झाला. त्यासाठी भारताने १० कोटी डॉलरचे अनुदान आणि ४० कोटी डॉलरचे कर्ज देऊ केले. विलिंगिलीच्या रहिवाशांना आजही मालेला जायचे तर फेरीबोट गाठावी लागते. वर्सोवा-मढ तरीवर रोज विसंबणाऱ्यांना ही अडचण समजावून सांगायला नको. काम पूर्ण होण्याच्या तारखा मात्र पुढे सरकत गेल्या आहेत आणि भारत-मालदीव संबंधांत आम्हाला सर्वाधिक काळजी वाटते ती याचीच.

कारण आपले लक्ष भलतीकडेच होते. ‘इंडिया आउट’च्या घोषणांवर स्वार होऊन मोहम्मद मुइझ्झू २०२३ मध्ये अध्यक्ष झाले. जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्या तीन उपमंत्र्यांनी भारताच्या पंतप्रधानांबद्दल अश्लाघ्य मजकूर लिहिला. त्यावर राग येणे रास्तच होते आणि त्या तिघांना निलंबितही करण्यात आले. पण भारतीय पर्यटकांच्या मालदीव-बहिष्काराची लाट ओसरली नाही. २०२३ मध्ये दोन लाखांहून अधिक भारतीय पर्यटक तिथे गेले होते. पुढच्या वर्षी ही संख्या एक लाख तीस हजारांच्या आसपास घसरली. याची झळ मंत्र्यांना नव्हे, बेटांवर छोटी अतिथीगृहे चालवणाऱ्या कुटुंबांना बसली.

मालदीवची लोकसंख्या जेमतेम पाच लाख. आपल्या एकट्या के-पूर्व वॉर्डात त्याहून अधिक माणसे राहतात. एवढ्याशा देशाला परकी गणवेश डोळ्यांत खुपतो, मग ते तिथे तैनात भारतीय जवान रुग्णांना हेलिकॉप्टरने नेणारे का असेनात. त्यात केवळ चीनची फूस पाहणे चूक आहे. नोव्हेंबर १९८८ मध्ये तत्कालीन अध्यक्ष गयूम यांच्याविरुद्धचे बंड मोडायला आपले छत्रीधारी सैनिक आग्र्याहून रातोरात गेले. डिसेंबर २०१४ मध्ये मालेचा जलशुद्धीकरण प्रकल्प आगीमुळे बंद पडला, तेव्हा भारताने विमानांनी आणि जहाजांनी पिण्याचे पाणी पोहोचवले. जानेवारी २०२१ मध्ये पुण्यात बनलेल्या कोव्हिशील्डच्या एक लाख मात्रा मुंबई विमानतळावरूनच मालेला रवाना झाल्या. हे सारे खरे आहे, तरी उपकारांची यादी वाचून दाखवल्याने शेजाऱ्याची भीती जात नाही.

दिल्लीने हे ओळखले. मे २०२४ पर्यंत जवान परत आले, त्यांची जागा नागरी तंत्रज्ञांनी घेतली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुइझ्झू भारतात आले, मुंबईलाही येऊन गेले. त्याच भेटीत ४० कोटी डॉलर आणि ३,००० कोटी रुपयांच्या चलन-अदलाबदलीचा करार झाला. जुलै २०२५ मध्ये पंतप्रधान मालेत असताना ४,८५० कोटी रुपयांचे नवे कर्ज जाहीर झाले. हा संयम योग्यच होता. पण कर्जावर कर्ज चढत असताना हाती पूल नसेल, तर उद्या हाच आकडा पुन्हा प्रचारसभेत भारताविरुद्ध वापरला जाईल. म्हणून पुलाची अंतिम तारीख परराष्ट्र मंत्रालयाने संसदेत सांगावी, दर तिमाहीला किती काम झाले ते दोन्ही देशांत जाहीर करावे आणि पुलावरून वाहतूक सुरू होईपर्यंत त्याच्या कर्जाचे हप्ते मागू नयेत.