आरोग्याच्या चार गोष्टी : डोळे पिवळे न करणारी कावीळ



कावीळ म्हटली की आपल्याला काय आठवतं? पिवळे डोळे, उसाचा रस आणि कोकणात गळ्यात घालतात ती माळ. डोळे निवळले की कावीळ उतरली! घाणेरड्या पाण्यातून येणारी ए आणि ई कावीळ बहुधा आपोआपच बरी होते. श्रेय मात्र माळ घेऊन जाते.

बी आणि सी या काविळींचे विषाणू निराळे. ते रक्तातून येतात. बी तर बाळंतपणात आईकडून बाळालाही लागतो. पुष्कळदा डोळे पिवळे होतच नाहीत. विषाणू यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये, वीस-तीस वर्षं गुपचूप मुक्काम ठोकतो. पेशी मरतात, नव्या होतात, वण पडतात, लिव्हर कडक होतं. त्याला सिरोसिस म्हणतात. या रोजच्या डागडुजीत एखादी पेशी बिघडते आणि कॅन्सर सुरू होतो. बी मुळे तर सिरोसिस नसतानाही होऊ शकतो.

आम्ही निशी-कसाईत राहतो, त्या जपानने हे फार भोगलं आहे. १९४८ ते १९८८ या काळात मुलांना लस टोचताना एकच सिरिंज अनेकांना वापरली जाई. त्यातून सुमारे ४ लाख लोकांना बी ची लागण झाली असावी, असा सरकारी अंदाज आहे. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारला जबाबदार धरलं. २०१२ साली भरपाईचा कायदा लागू झाला. आपल्या लहानपणीची, उकळून पुन्हा वापरायची काचेची सिरिंज आजी-आजोबांना आठवत असेलच!

बी चा विषाणू शोधला डॉ. बरुख ब्लमबर्ग यांनी. न्यूयॉर्कच्या यहुदी शाळेत शिकलेला हा मुलगा. १९७६ साली नोबेल मिळालं. त्यांचा वाढदिवस, २८ जुलै, आता जागतिक हिपॅटायटिस दिन आहे.

मग करायचं काय? वडीलधाऱ्यांनी एकदा तरी बी आणि सी साठी रक्त तपासून घ्यावं. सी आता दोन-तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा बरा होतो. बी मुळासकट जात नाही, पण औषधाने ताब्यात राहतो. धोका असलेल्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी; गाठ लहान असतानाच सापडली तर इलाज होतो.

आणि मुलांनो, बी ची लस आहे, सी ची नाही. तुमची लस झाली का, आईला विचारा. आजोबांना बी असला तरी त्यांच्या ताटात जेवायला, मांडीवर बसायला भिऊ नका. त्यांचा वस्तरा आणि दातांचा ब्रश तेवढा वेगळा ठेवा.