विश्लेषण : अंदाज ‘उबदार’ हिवाळ्याचा, तरी उत्तर भारत का गारठतो?

नोव्हेंबर संपता संपता भारतीय हवामानशास्त्र विभाग (आयएमडी) डिसेंबर ते फेब्रुवारीचा हंगामी अंदाज जाहीर करतो. २०२३ च्या अखेरीस हा अंदाज दिलासा देणारा होता. देशाच्या बहुतांश भागांत किमान तापमान सरासरीपेक्षा अधिक राहील आणि थंडीच्या लाटेचे दिवस कमी असतील, असे त्यात म्हटले होते. त्यानंतरच्या जानेवारीत पंजाबपासून बिहारपर्यंतचा पट्टा कित्येक दिवस दाट धुक्यात बुडाला. दिल्लीत महिन्याच्या कमाल तापमानाची सरासरी १७.७ अंशांवर घसरली. दिवसाच्या तापमानाच्या दृष्टीने १३ वर्षांतला तो सर्वात थंड जानेवारी ठरला. मग अंदाज चुकला का? पूर्णपणे नाही. घोळ आहे तो ‘थंडी’ कशाला म्हणायचे यात.

लाट वेगळी, थंड दिवस वेगळा

मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असेल, तर आयएमडी त्याला थंडीची लाट म्हणते. पारा थेट ४ अंशांवर किंवा त्याखाली गेला तरीही लाटच. ‘थंड दिवसा’ची व्याख्या मात्र कमाल तापमानावर बेतलेली आहे. किमान तापमान १० अंशांपर्यंत आणि कमाल तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा त्याहून अधिक खाली, असे असेल तर तो थंड दिवस.

धुके नेमके इथेच फसवते. रात्री ते पांघरुणासारखे काम करते. जमिनीतली उष्णता फार निसटत नाही, त्यामुळे किमान तापमान ७-८ अंशांवर टिकते आणि कागदोपत्री लाट येतच नाही. सकाळी मात्र तेच पांघरूण ऊन अडवते. जानेवारीच्या पूर्वार्धात दिल्लीत कमाल तापमान साधारण १९-२० अंश असते. धुके दुपारपर्यंत हटले नाही, तर ते १३-१४ अंशांवरच अडकते. रात्रभर गारठलेले शरीर ज्या उन्हाची वाट पाहते, ते ऊन मिळतच नाही. घरात हीटर असलेल्याला हा फरक फारसा जाणवत नाही. वीटभट्टीवरचा मजूर, रिक्षावाला किंवा पदपथावर झोपणारा यांच्यासाठी मात्र दिवसभर न ओसरणारी थंडी एखाद्या कडाक्याच्या रात्रीपेक्षा जड जाते.

धुके हटवतो कोण?

भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ हिमालयात बर्फ आणि मैदानात पाऊस आणतात. ते सरकले की आकाश निरभ्र होते, वारा मंदावतो, ओली जमीन रात्री थंड होते आणि धुके धरते. पुढचा जोरदार विक्षोभ आला की वारा-पाऊस हे धुके पांगवतो. जानेवारी २०२४ मध्ये असे जोरदार विक्षोभ फारसे आलेच नाहीत. त्या महिन्यात वायव्य भारतातला पाऊस १९०१ पासूनच्या नीचांकी नोंदींच्या पंक्तीत जाऊन बसला.

अडचण अशी, की असे विक्षोभ केव्हा आणि किती जोराने येतील हे तीन महिने आधी सांगता येत नाही. हंगामी अंदाज मुळात शक्यतेचा असतो. ‘सरासरीपेक्षा अधिक’ची शक्यता ५५ टक्के म्हटली, तर ४५ टक्के शक्यता तसे न होण्याची असते. बातमीच्या मथळ्यात हे ४५ टक्के गळून पडतात.

ला निना आली, म्हणजे थंडी वाढणार?

समाजमाध्यमांवर दर वर्षी ‘यंदा ला निना, कडाक्याची थंडी’ असे संदेश फिरतात. ला निनाच्या वर्षी उत्तरेत थंडी अधिक असण्याकडे कल असतो, हे खरे. पण तो कलच. २०२४-२५ च्या हिवाळ्यात क्षीण ला निना होती, तरी फेब्रुवारी २०२५ हा देशातला १९०१ पासूनचा सर्वात उष्ण फेब्रुवारी ठरला. गव्हाला असा ऊबदारपणा मानवत नाही. मार्च २०२२ च्या उष्म्याने दाणे भरण्याच्या वेळीच पिकाला चटका दिला आणि मे महिन्यात केंद्राने गहू निर्यातीवर बंदी घातली. त्यामुळे पंजाब-हरियाणातल्या शेतकऱ्याला ‘सौम्य हिवाळा’ ही आनंदाची बातमी वाटत नाही. उलट बटाटेवाल्याला धुके आणि ढगाळ हवेत करप्याची धास्ती असते.

मदत कोणत्या निकषावर?

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या यादीत २०१२ पासून थंडीच्या लाटेचा समावेश आहे. धुके त्या यादीत नाही. म्हणजे रात्रीचा पारा ४ अंशांवर उतरला तर ती आपत्ती, पण आठवडाभर सूर्य न दिसता दुपारी १३ अंश राहिले तर तो फक्त हिवाळा. धुक्याच्या पट्ट्यातल्या राज्यांनी रात्रनिवारे उघडण्याचा आणि शाळांच्या वेळा बदलण्याचा निर्णय ‘थंड दिवसा’शी जोडायला हवा. त्यासाठी आधार उपलब्ध आहे. आयएमडी दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज देते आणि त्यातला पहिला-दुसरा आठवडा बऱ्यापैकी भरवशाचा असतो. जिल्हाधिकारी कार्यालयांनी नोव्हेंबरमधल्या एका नकाशावर विसंबण्यापेक्षा दर शुक्रवारी सकाळी हा अंदाज उघडून कमाल तापमानाचा रकाना पाहणे अधिक उपयोगाचे आहे.