पावलांची वीज आणि युनिटांचा हिशेब

स्वच्छ ऊर्जेच्या अभिनव कल्पनांना सध्या तोटा नाही. रेल्वेच्या पादचारी पुलांवर दाबाने वीज निर्माण करणाऱ्या फरशा बसवाव्यात आणि प्रवाशांच्या पावलांवर दिवे उजळावेत, ही त्यांपैकीच एक. ती विज्ञानाच्या नियमांत बसते, यात शंका नाही. प्रश्न आहे तो परिमाणाचा. कळव्यासारख्या गजबजलेल्या स्थानकाच्या संदर्भात हा हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे.

60 किलो वजनाच्या प्रवाशाने फरशी 5 मिलिमीटर दाबली, तर जेमतेम 3 ज्यूल ऊर्जा मिळते. विजेचे एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल. काहीच वाया जात नाही असे मानले, तरी एका युनिटासाठी 12 लाख पावले पडावी लागतील. शिवाय ही ऊर्जा फुकटची नव्हे. चालणाऱ्यालाच तेवढे अधिक श्रम पडतात.

याच स्थानकात थांबणाऱ्या लोकलचे गणित निराळे आहे. गाडीचे वजन 500 टन धरले, तर ताशी 60 किलोमीटर वेगात तिच्यापाशी सुमारे 19 युनिट ऊर्जा असते. जुन्या गाड्यांत ती ब्रेकच्या उष्णतेत विरून जाई. नव्या गाड्यांत ब्रेक लावताच मोटार जनित्राचे काम करते आणि वीज ओव्हरहेड वायरमध्ये परत जाते. एक तृतीयांश वीज परतली, तरी एका थांब्यात 6 युनिटांची बचत होते. पावलांच्या भाषेत ती 70 लाखांहून अधिक भरते.

दुसरी कसोटी वेळेची. कळवा येथील राज्य भार प्रेषण केंद्राला विजेची मागणी आणि पुरवठा यांचा मेळ क्षणोक्षणी घालावा लागतो. दुपारची सौरवीज संध्याकाळच्या मागणीला आपोआप पुरत नाही. म्हणूनच घाटघरचा 250 मेगावॅटचा उदंचन प्रकल्प मोलाचा ठरतो. पाणी वर चढवण्यासाठी तो निर्मितीपेक्षा अधिक वीज खर्च करतो. परंतु गरजेच्या वेळी वीज हाती देतो.

तेव्हा अशा प्रस्तावांवर सार्वजनिक निधी खर्च करण्यापूर्वी महापालिकांनी आणि रेल्वेने तीन आकडे मागावेत : वर्षाकाठी युनिट किती, ती कोणत्या वेळी मिळणार आणि प्रत्येकी खर्च किती. नावीन्याचे कौतुक जरूर व्हावे. मात्र निधीची मंजुरी या उत्तरांवरच ठरावी.